सरांनी सोडवलं की समजतं, स्वतः करताना अडतं

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावी सायन्सला आहे. सरांनी फळ्यावर गणित सोडवलं की सगळं कळतं, पण घरी तसंच गणित घेतलं की सुरुवातच सुचत नाही. बाबा म्हणतात, नागपूरला क्लास लावू. काय करू?

उत्तर : सोडवलेलं गणित पाहताना प्रत्येक पायरी पटते, कारण कोणती पायरी घ्यायची हे सरांनी आधीच ठरवलेलं असतं. तुझा सराव नेमका त्या ठरवण्याचाच राहिलाय.

एक गणित घे. 15 मीटर खोलीवरून मोटार मिनिटाला 600 लिटर पाणी वर आणते. किती शक्ती लागेल? हात लगेच सूत्राकडे जातो. त्याला आवर घाल. आधी लिही: काय दिलंय, काय विचारलंय, एककं कोणती. शक्ती म्हणजे सेकंदाला होणारं काम, आणि पाणी दिलंय मिनिटाचं! हे दिसलं की अर्धं गणित सुटलं. 600 लिटर म्हणजे 600 किलो, म्हणजे सेकंदाला 10 किलो. गुरुत्वत्वरण 10 धरलं तर 10 × 10 × 15 = 1500 वॅट, साधारण 2 एचपी.

आता पान उलटू नकोस. 60 ने भागायचं राहिलं असतं तर 90,000 वॅट, म्हणजे जवळपास 120 एचपी आले असते. विहिरीवर तीन-पाच एचपीच्या मोटारी तू रोज पाहतेस, मग 120 खटकायलाच हवं. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये हाच क्रम मांडला होता: प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा, मग उत्तर पुन्हा तपासा. ही शेवटची पायरी बहुतेक मुलं गाळतात. माझ्या मते खरं शिकणं तिथेच होतं.

काहीच सुचलं नाही तर आकृती काढ, आकडे सोपे करून बघ. तरीही अडलं तर उत्तराची फक्त पहिली ओळ वाच आणि पुस्तक मीट.

सीईटीत गणिताच्या 50 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, त्यामुळे हे सगळं तुला वेळखाऊ वाटेल. सध्या घड्याळ लावू नकोस. क्रम अंगवळणी पडला की वेग येतो.

चुकलेल्या गणितांची वेगळी वही कर आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: वाचनात चूक, संकल्पना कच्ची, की आकडेमोड. मोटार सुरू झाली नाही म्हणून कोणी ती लगेच विहिरीतून वर काढत नाही; आधी तिन्ही फेज आहेत का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर. चुकीचाही असाच माग काढायचा.

नागपूरचं आत्ताच ठरवू नका. महिनाभरानं ही वही कॉलेजच्या सरांना आणि बाबांना दाखव. संकल्पनाच कच्च्या निघाल्या तर क्लासचा विचार जरूर करा. पण बहुतेक चुका घाईच्या असतील, तर फी आणि खोलीभाडं भरूनही त्या तशाच राहतील. मग घरीच थांब आणि जुन्या प्रश्नपत्रिका याच पद्धतीनं सोडव.