टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन कथा पुढे नेण्याच्या खेळात) हातात घ्यायच्या वस्तू आणि मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) यांनी खरंच फरक पडतो का? सांगलीत कमी खर्चात काय करता येईल?

पडतो. पण तुमचा ग्रुप नवा आहे आणि बजेट मोजकं, तर मी आधी कागदावर खर्च करेन, मिनिएचरवर नंतर. पटावरचा ड्रॅगन सगळे एकदा बघून घेतात. हातात दिलेली चिठ्ठी मात्र उलटीपालटी होते, उजेडात धरली जाते, तिच्यावरून वाद होतात. खेळाला हेच तर हवं असतं!

सांगलीत हळदीला तोटा नाही, तेव्हा गुप्त चिठ्ठी कराच. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा (खायचा सोडा सौम्य, रंग फिका येतो). कापूस गुंडाळलेल्या काडीने जाड ड्रॉइंग पेपरवर ठळक अक्षरांत निरोप लिहा आणि पूर्ण वाळू द्या. पातळ कागद ओल्या रेघेवर सुरकुततो आणि आधीच बिंग फुटतं. मग चार चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये अर्धा चमचा हळद हलवा, गाळ बसला की वरचा पिवळा द्रव छोट्या बाटलीत काढा. ही झाली जादूगाराची कुपी. खेळाडूने कापसाचा बोळा त्यात बुडवून चिठ्ठीवर हलकेच टिपला की कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबडी उमटतात, कारण हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं. साध्या पाण्यात ते नीट विरघळत नाही, शिवाय पाण्याने सोडा पसरून अक्षरं फिसकटतात. बोळा घासू नका. लिंबाचा रस लागला की तेवढी अक्षरं पुन्हा पिवळी पडतात. शत्रूने पुरावा नष्ट करायचा असेल तर हा डाव कथेत घाला. स्पिरिट पेट घेतं, म्हणून टेबलावर मेणबत्ती नको. खाली प्लास्टिक पसरा, हळदीचा डाग पटावरून निघत नाही.

जुनाट नकाशासाठी कागद कोऱ्या, बिनसाखरेच्या कडक चहात पाच मिनिटं बुडवून सपाट वाळवा. साखर राहिली तर मुंग्या लागतात. लिहायला बॉलपेन वापरा, जेल पेन आणि इंकजेटची शाई ओघळते. गुप्त चिठ्ठी मात्र चहाच्या कागदावर करू नका: सोड्याने चहा काळवंडतो आणि अक्षरं आधीच दिसतात.

मिनिएचरच्या जागी सध्या कागदी आकृत्या पुरेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळात पटावरचा १ इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट, आणि माणसाएवढ्या पात्राला एक चौकोन. कॅरमची सोंगटी साधारण ३१ मिमी, म्हणजे ती त्यात मावत नाही. १९ मिमीची बाइंडर क्लिप बरोबर बसते. जाड कार्डशीटवर साधारण ३५ मिमी उंच चित्र छापा, खाली क्लिपमध्ये जायला सेंटीमीटरभर पट्टी सोडा, क्लिप लावा आणि तिच्या दोन्ही तारा दाबून काढून टाका. उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्यच नसतं, पण क्लिपच्या वजनामुळे आकृती पडत नाही. ओगरसारखा (धिप्पाड राक्षस) मोठा प्राणी दोन बाय दोन चौकोन घेतो, त्याला ५० मिमीचा पुठ्ठ्याचा गोल कापा.