नॅनो तंत्रज्ञानामुळे भविष्यातल्या गाड्यांमध्ये सर्वात मोठा बदल कुठे दिसेल?

बॅटरीत, आणि त्यातही ॲनोडमध्ये, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या ऋण टोकात. आज ॲनोड मुख्यतः ग्रॅफाइटचा असतो. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास (विद्युतभाराचं एकक) साठवतं, सिलिकॉन मात्र सुमारे ३,६००. मग सगळा ॲनोड सिलिकॉनचाच का करत नाहीत? कारण चार्ज होताना लिथियम आत शिरलं की सिलिकॉनचं आकारमान जवळपास चौपट होतं आणि डिस्चार्ज होताना ते पुन्हा आक्रसतं. या फुगण्या-आक्रसण्यात मोठे कण तडकतात, तुकड्यांचा विद्युतसंपर्क तुटतो आणि क्षमता झपाट्याने घसरते. कण साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान असेल तर तो फुगूनही सहसा तडकत नाही, कारण भेग पुढे सरकायला लागणारी ऊर्जा इतक्या छोट्या कणात साठतच नाही. खरी किमया इथेच आहे.

पण कण लहान केला की पृष्ठभाग प्रचंड वाढतो. त्यावर इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या लिथियम वाहून नेणाऱ्या द्रवाचं) विघटन होऊन थर बसतो आणि तो थर लिथियम कायमचं खातो. म्हणून कणांवर कार्बनचं आवरण देतात आणि सध्या ग्रॅफाइटमध्ये थोडंच सिलिकॉन मिसळतात. शिवाय ॲनोडची क्षमता दहापट झाली तरी गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, दहापट होणार नाही. कारण कॅथोडचं, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाचं, वजन तेवढंच राहतं.

गाडीत बाकी ठिकाणी नॅनो कणांचं तंत्र आधीच रुळलंय: टायरच्या रबरातले कार्बन ब्लॅक आणि सिलिकाचे कण, गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण. तिथे सुधारणा होत राहतील, पण हळूहळू.