जुन्या पाकिटांसाठी मुदतठेव मोडायची का?

प्रश्न: दोन वर्षांत निवृत्त होतोय. जुनी, टपालातून गेलेली पाकिटं जमवण्याचा आणि टपाल इतिहास अभ्यासण्याचा नाद आहे. एका संग्राहकाचा अख्खा संग्रह एकरकमी मिळतोय. 'किंमत दरवर्षी वाढतेच,' असं ते म्हणतात. निवृत्तीची मुदतठेव मोडून घेऊ का?

उत्तर: ठेवीला हात लावू नका. पाकिटं घ्या, पण निवडून आणि महिन्याच्या शिलकीतून.

आधी हिशेब. समजा, एखादं पाकीट लिलावात 100 ला सुटलं. त्यावर लिलावगृहाचा 20 टक्के अधिभार, म्हणजे तुमचे 120 गेले. पुढे विकताना 15 टक्के दलाली कापली जाणार. नुसतं मुद्दल हाती यायला बोली 141 च्या वर जावी लागते. भाव वर्षाला 5 टक्क्यांनी चढला तरी त्यात सात वर्षांहून थोडा जास्तच काळ जातो, आणि तोवर व्याज काहीच नाही. दर कमीजास्त असतील, गणित हेच. खासगी व्यवहारात अधिभार नसतो. तिथे विकणाऱ्याने आपला नफा भावातच धरलेला असतो.

'वाढतेच' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. स्पेनमध्ये आफिन्सा आणि फोरम फिलातेलिको या कंपन्या लोकांना टपाल तिकिटं विकून ती वाढीव भावाने परत घेण्याची हमी देत. मे 2006 मध्ये छापे पडले, आणि जुन्यांची देणी नव्यांच्या पैशातून भागत असल्याचं उघड झालं. लाखो लोकांची बचत अडकली. तिकिटं होती, पण सांगितलेल्या मोलाची नव्हती.

या बाजारात कमावतो तो जाणकार. तिकिटाचा भाव सूचीत सापडतो. पाकिटाचा भाव त्याचा मार्ग, टपालदर आणि शिक्के वाचता येण्यावर ठरतो. साध्या तिकिटाच्या पाकिटावर 'टी' हा शिक्का आणि शेजारी हाताने लिहिलेला आकडा दिसला, तर पत्र बैरंग गेलं, म्हणजे तिकीट कमी पडलं, आणि त्याचा आकार, बहुधा फरकाच्या दुप्पट, पत्र मिळणाऱ्यावर लागला. तो आकडा त्या वर्षीच्या दराशी जुळवता आला, तर शंभरात उठून दिसणारं पाकीट तुम्हाला सामान्य भावात मिळू शकतं. ब्रिटनमध्ये 1839 पर्यंत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर लागे. पाकीटही एक जादा कागद धरलं जाई, म्हणून लोक पत्रच घडी घालून मोहोरबंद करत. त्या काळातलं ब्रिटिश पाकीट कोणी दाखवलं, तर आधी प्रश्न विचारा, मग पैशाचं बोला.

बनावटगिरी पाकिटांवरही होते. स्वस्त तिकीट काढून तिथे महाग चिकटवतात. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर अखंड उतरली आहे का, ते भिंगातून बघा. रेघ कडेला तुटली किंवा सरकली असेल तर थांबा. अखंड असली तरी खात्री नव्हे, शिक्का नंतरही रंगवता येतो. म्हणून महाग नगाला तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र हवंच, आणि त्याचं शुल्क खरेदीच्याच खर्चात धरा.

एकूण बचतीच्या पाच टक्क्यांवर हा नाद जाऊ देऊ नका. निवृत्तीनंतर दरमहा लागणारा पैसा एका खरेदीदाराच्या मर्जीवर टांगता येत नाही, आणि असा संग्रह घाईत विकला तर पडत्या भावानेच जातो.

त्या संग्राहकांना विचारा, सुटी पाकिटं देतील का. नाही म्हणाले तर व्यवहार सोडा. हो म्हणाले तर तीन निवडा आणि प्रत्येकामागे खरेदीची तारीख, किंमत आणि घेण्याचं कारण वहीत लिहा. वही कुठे ठेवली आहे, ते घरच्यांना माहीत असू द्या.