परदेशातील नोकरीची वर्षे पेन्शनसाठी धरली जातात का?

प्रश्न : मी वास्को येथील एका जहाजबांधणी कारखान्यात सात वर्षे नोकरी केली. नंतर नऊ वर्षे लिस्बनमध्ये काम करून आता कायमचा घरी परतलो आहे. माझे वय ४८ आहे. तिथे पगारातून कापलेले पैसे माझ्या पीएफ खात्यात वर्ग होतील का? सात वर्षांत पेन्शन बसत नाही, तेव्हा पेन्शन खात्यातील रक्कम काढून घ्या, असे ओळखीचे लोक सांगतात. धाकटा भाऊ कुवेतमध्ये आहे. त्यालाही हेच नियम लागतात का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पेन्शन खात्यातील रक्कम काढण्यासाठी फॉर्म १०-सी आपण अजून भरला नसेल, तर कृपया त्यासाठी तो भरू नका. एकदा ती रक्कम हाती आली की आपली सात वर्षे हिशेबातून कायमची पुसली जातात, आणि आपले सारे प्रकरण त्याच सात वर्षांवर उभे आहे.

पैसे वर्ग होत नाहीत. जुळवली जातात ती वर्षे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार ८ मे २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजनेत किमान १० वर्षांची सेवा लागते, तर पोर्तुगालमध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी वर्गणीची १५ वर्षे भरावी लागतात. सात आणि नऊ अशी वेगवेगळी धरली, तर आपण दोन्हीकडे अपात्र ठरता. करारानुसार ती एकत्र केली की १६ होतात आणि दोन्ही अटी पूर्ण होतात. मात्र प्रत्येक देश आपल्याकडील वर्षांपुरतीच पेन्शन देतो. भारताची पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होईल. पोर्तुगालमध्ये ही वयोमर्यादा ६६ च्या पुढे असल्याने तिथल्या पेन्शनसाठी आपल्याला आणखी काही वर्षे थांबावे लागेल.

आज करण्याचे काम म्हणजे त्याच फॉर्मवर रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शन योजनेतील सेवेच्या वर्षांचा दाखला, मागणे आणि पोर्तुगालमधील अकरा आकडी सामाजिक सुरक्षा क्रमांक व पगाराच्या नोंदींचा उतारा जपून ठेवणे. त्या उताऱ्यात एखादे वर्ष गळले असेल, तर मालकाशी संपर्क आहे तोवरच ते दुरुस्त करून घ्यावे. पुढे पेन्शनचा अर्ज पणजीच्या भविष्य निधी कार्यालयामार्फत करता येतो; त्यासाठी लिस्बनला जावे लागत नाही.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गोव्यातील माणसाचे घोडे बहुधा इथेच अडते. आधार कार्डावर 'नाईक' सरळ इंग्रजी वळणाने लिहिलेले असते, आजोबांच्या पोर्तुगीजकालीन दाखल्यावरून काढलेल्या कागदांत तेच आडनाव शेवटी 'क्यू-यू-ई' घेऊन येते, आणि वडिलांचे नाव एकीकडे मधोमध असते तर दुसरीकडे मुळीच नसते. दोन्ही देशांच्या नोंदींत हा एकच माणूस आहे, हे सिद्ध करणारे कागद आजच जमवलेत तर दहा वर्षांनी धावपळ होणार नाही.

आपल्या भावाची गोष्ट निराळी आहे. कुवेतशी भारताचा असा करार नाही आणि तिथली पेन्शन परदेशी कामगारांना मिळत नाही, त्यामुळे जुळवण्याजोगे काही उरत नाही. त्यांचा हक्क आहे तो नोकरीअखेरच्या भरपाईवर : मासिक पगारदारास पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी १५ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी एक महिन्याचा पगार. तिचा हिशेब त्यांनी कुवेत सोडण्यापूर्वीच लेखी घ्यावा आणि रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय पूर्ण पैसे मिळाल्याच्या पावतीवर सही करू नये.