अ‍ॅक्झोलॉटल अन्न घेत नाही. औषध द्यावे का?

प्रश्न : आमच्या घरी दोन महिन्यांपासून एक गुलाबी अ‍ॅक्झोलॉटल (पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला उभयचर प्राणी) आहे. मुलीने तिचे नाव चिंगी ठेवले आहे. गेल्या आठ दिवसांत चिंगीने गांडुळाला तोंड लावलेले नाही, तिच्या कल्ल्यांची टोके पुढे वळली आहेत आणि डावीकडच्या एका कल्ल्यावर कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे काहीतरी आले आहे. टाकी दोन फुटांची असून तळाशी रंगीत खडे आहेत. स्वच्छतेत आम्ही कसर ठेवलेली नाही. फिल्टरमधला स्पंज मी स्वतः दर रविवारी नळाखाली धुतो. पाण्याचे तापमान मोजले तेव्हा २८ अंश भरले. दुकानदाराने माशांचे निळे औषध दिले आहे, पण ते टाकण्याचा धीर होत नाही. मुलगी रात्री उठून टॉर्च लावून तिला पाहून येते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ते औषध आपण टाकले नाही, हे फार बरे झाले. उभयचर प्राण्यांची त्वचा पाण्यात मिसळलेले पदार्थ सहज शोषून घेते, त्यामुळे माशाला सोसणारी मात्रा चिंगीला सोसेलच असे नाही.

आपल्या पत्रातला मला सर्वांत बोलका वाटलेला तपशील म्हणजे ते २८ अंश. अ‍ॅक्झोलॉटल मूळचे मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतले, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरचे. त्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते आणि २४ च्या पुढे त्याचे हाल सुरू होतात, कारण पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढते, आणि अशा थकलेल्या जिवावर बुरशी लगेच बसते. तो पांढरा पुंजका बहुधा बुरशीच आहे.

दुसरे कारण, सांगताना वाईट वाटते, आपण काळजीपोटी धुतलेल्या स्पंजात असावे. विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात वस्तीला असतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. यापुढे स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. चाचणी-संच आणून पाणी आजच तपासावे : अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत.

तोवर चिंगीला झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात हलवावे. हाताने उचलू नये, डबाच पाण्यात बुडवून तिला अलगद आत घ्यावे. क्लोरीन काढलेले, डब्यातल्या पाण्याइतक्याच तापमानाचे ताजे पाणी रोज पूर्ण बदलावे. थंडावा मात्र सावकाश आणावा. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडला तर माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे पाणीही काही अंश उतरते, आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो. उरलेली उष्णता गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली आलटून पालटून ठेवून काढावी. तासाभरात दोन अंशांहून अधिक उतार होऊ देऊ नये. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय काही जण सुचवतील. मी तो घरच्या घरी करायला सांगणार नाही, कारण मात्रा चुकली तर त्वचेवरचा संरक्षक बुळबुळीत थरच जातो.

रंगीत खडे आजच काढून टाकावेत. अ‍ॅक्झोलॉटल भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो, आणि खडा आतड्यात अडकला तर तेही अन्न सोडण्याचे कारण असू शकते. ते एक्स-रेमध्ये दिसते.

आपल्या कन्येला सांगावे की चिंगीला पापण्या नसतात, म्हणून टॉर्चचा झोत तिला चुकवता येत नाही. फुटक्या माठाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला तुकडा पालथा घालून तिला सावली करून द्यावी, आणि रात्री शेजारच्या खोलीतल्या मंद उजेडातच पाहावे. तिला हेही सांगावे की प्रौढ अ‍ॅक्झोलॉटल दोन आठवडेही अन्नावाचून तग धरतो, आणि झडलेल्या कल्ल्यांचे तंतू, इतकेच काय तुटलेला पायसुद्धा, त्याला पुन्हा फुटतो.

तीन-चार दिवसांत पुंजका कमी झाला नाही, किंवा त्याआधीच त्वचेवर लाल चट्टे दिसले अथवा ती पोट वर करून तरंगू लागली, तर उभयचरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्यावे. जाताना डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवावा, दुपारचे ऊन टाळावे आणि तपासणीसाठी टाकीतले पाणी एका स्वच्छ बाटलीत वेगळे घ्यावे.