सिनेमाआधीच्या भीषण जाहिरातींनी खरंच कुणी तंबाखू सोडतं का?

ताई, तुमची मुलगी थिएटरात कर्करोगाची जाहिरात बघून रडायला लागली, आणि ज्यांनी ती बघायला हवी ते तिचे आजोबा मात्र घरी निवांत तंबाखू मळत होते. अशा जाहिरातींचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

उपयोग होतो, पण पाकिटावरच्या चित्राचा जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांनी सांगितलं, की पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार मनात आला. विडीवाल्यांत हे प्रमाण ५४ टक्के, तंबाखू खाणाऱ्यांत ४६. विचार आला म्हणजे सुटली असं नाही, पण हेही थोडकं नव्हे. आता आपल्याकडची गंमत बघा. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत निघाले. बाकी सगळा कारभार मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, मशेरी यांचा. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्राने व्यापायचा नियम २०१६ पासून आहे, पण खर्रा प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून मिळतो. त्यावर कसलं चित्र? सुटी सिगारेट-विडी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन मिनिटं उभं राहून बघा म्हणजे कळेल.

थिएटरातल्या जाहिराती २०१२ पासूनच्या. त्यातला मुकेश आपल्या भुसावळचा, टाटा रुग्णालयात उपचार चालू होते, २००९ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. तीच ती जाहिरात इतक्यांदा दाखवली की कॉलेजची पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करायला लागली. मेलेल्या पोराची नक्कल! मला त्याचा संताप येतो, पण भीती बोथट झाल्याचंच ते लक्षण.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही चित्रं नेहमी शेवटच्या टप्प्याची असतात. गालाला भोक पडलेलं, जबडा गेलेला. तिखट झोंबतं म्हणून आलेला माणूस मला पुडीवरचं चित्र दाखवून म्हणतो, "डॉक्टर, आपलं असं काही नाही." मग मी त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगतो. दोनच जातात. गालाच्या आतली कातडी आवळत चाललेली असते आणि त्याला पत्ताच नसतो. आरशात तो स्वतःचं तोंड ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने कुठलंच पोस्टर बघत नाही. जाहिरातीत हे दाखवा ना: तीन बोटं, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम. लहान मूल रडणार नाही आणि खाणारा घाबरेल. पुडीवर मात्र हवं तेवढं भीषण चित्र छापा. ती पुडी मोठ्या माणसाने स्वतःच्या पैशाने घेतलेली असते.

मुलीला पुढच्या वेळी दहा मिनिटं उशिरा आत न्या, मध्यंतरानंतरही तेच करा. आजोबांना मात्र आजच हात धुऊन ती बोटं घालून बघायला सांगा. तिसरं अडकलं तर सरळ सरकारी दंत महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, पुडीवरच छापलेला असतो.