न्यू जर्सीला येताय, तर दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल

तुम्ही विचारलंय की एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) एडिसनला येतोय, ऑफिसच्या पार्ट्या होणारच, तिकडे दोन बिअरपर्यंत चालतं म्हणे, आणि समजा पकडलंच तर फाइन भरून सुटता येतं का.

नाही सुटता येत. फाइन असतोच, पण आपल्यासारख्या व्हिसावाल्यांसाठी तो सगळ्यात किरकोळ भाग आहे.

आधी लिमिटचं सांगतो. भारतात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल म्हणजे ०.०३ टक्के, इथे ०.०८ (युटामध्ये ०.०५), त्यामुळे लोकांना वाटतं अमेरिकेत बरीच सूट आहे. पण ०.०८ च्या खाली असलात तरी तुमच्या चालवण्यावर परिणाम झालेला दिसला तर केस होऊ शकते. आणि "दोन बिअर" हे मापच फसवं. इथे एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ५ टक्केवाली ३५५ मिलीची साधी बिअर. बारमध्ये ७ टक्क्यांची आयपीए (कडक प्रकारची बिअर) घेतली आणि ग्लास १६ औंसांचा, म्हणजे साधारण ४७० मिलीचा असला तर तो एकच ग्लास जवळजवळ दोन ड्रिंक झाला, आणि घरी आपण जो ६० मिलीचा लार्ज भरतो तो दीड. शरीर तासाला साधारण ०.०१५ एवढंच उतरवतं, कॉफी प्या, लिंबू चोखा, काही फरक पडत नाही.

पकडलं की रस्त्याच्या कडेला उतरवतात, डोळ्यांसमोर पेन फिरवतात, टाचेला टाच भिडवत सरळ रेषेत नऊ पावलं चालायला लावतात, एका पायावर उभं करतात. मग हातकड्या, पोलिस स्टेशन, मशीनमध्ये फुंकणं. फुंकायला नकार दिला तर तो वेगळा गुन्हा, त्याची शिक्षा वेगळी. पहिल्या वेळी ०.०८ ते ०.१० मध्ये सापडलात तर फाइन २५० ते ४०० डॉलर, पण त्याच्यावर वर्षाला १००० डॉलर सरचार्ज असा तीन वर्षं, १२ तासांचा क्लास, वकिलाची फी, वाढलेला इन्शुरन्स, आणि गाडीत इंटरलॉक, म्हणजे फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, तेही स्वतःच्या खर्चाने. जज ३० दिवसांपर्यंत जेलही देऊ शकतो. न्यू जर्सीत ही ट्रॅफिक केस धरतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ती रेकॉर्डवरून पुसून घेता येत नाही हे त्यांना नंतर कळतं.

आता व्हिसाचं, हे नीट वाचा. कोर्टात दोषी ठरायच्या आधी, नुसत्या अटकेवरसुद्धा स्टेट डिपार्टमेंट (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, २०१५ पासून हे सर्रास होतंय. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला, तो दुसऱ्या स्टेटमध्ये राहतो, कोर्टाची तारीख लागायच्या आधीच कॉन्सुलेटची ईमेल आली. नोकरी चालू राहिली, कारण इथे राहण्याचं स्टेटस वेगळं असतं, पण देशाबाहेर पडला की परत यायला नवीन स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, त्यासाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे दारूसंबंधी तपासणी, आणि निकाल येईपर्यंत तिकडेच थांबायचं. त्याच्या आईचं साताऱ्याला ऑपरेशन होतं. तो जाऊ शकला नाही, रात्रभर व्हिडिओ कॉल लावून बसला होता. पोरगा वाईट नाही हो, घर दोन मैलांवर होतं एवढंच.

पुढे ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्येही अटक सांगावी लागते, लपवलीत तर ते जास्त महागात पडतं. पाहुणे आले की आपली मंडळी नायगाराला जातात आणि पलीकडे टोरंटोलाही जाऊन येतात, तर अशी केस असली की कॅनडा बॉर्डरवरूनच परत पाठवू शकतं, डिसेंबर २०१८ पासून तिकडे हा गंभीर गुन्हा धरतात.

एडिसनमध्ये नेमकं कुठे घोळ होतो ते सांगतो. इथे बऱ्याच देशी रेस्टॉरंट्सकडे दारूचं लायसन्स नसतं, आपली बाटली आपणच न्यायची. उरलेली उघडी बाटली सीटपाशी ठेवून निघालात तर न पिताही दंडाचं तिकीट मिळतं, डिकीत ठेवा. दुसरं म्हणजे ट्रेन. न्यूयॉर्कला पार्टी करून लोक शहाण्यासारखे ट्रेनने परत येतात, आणि स्टेशनवर सकाळी लावून ठेवलेली गाडी रात्री काढून घरी निघतात. पार्टीच्या दिवशी सकाळीच उबर करून स्टेशनला जा म्हणजे रात्री किल्लीच खिशात नसते. गाडीतच थोडं झोपतो म्हणून थंडीत इंजिन चालू ठेवून बसलात तर न्यू जर्सीत तेही गाडी चालवणंच धरतात. आणि वहिनींना आल्या आल्या लायसन्स काढायला लावा, पण प्रत्येक पार्टीत त्यांनीच ज्यूस प्यायचा असं करू नका, आळीपाळीने ठरवा.

एवढं करूनही कधी अटक झालीच तर पोलिसाशी हुज्जत घालू नका, आणि गिल्टी म्हणायच्या आधी नेहमीच्या वकिलासोबत इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा. दोघंही लागतात.